बायबल अभ्यास आणि चर्चचा इतिहास: कोणती पुस्तके घ्यावीत, कोणती दुकानातच ठेवावीत

बायबल अभ्यासासाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे असे विचारले, की बहुतेक जण एखाद्या जाडजूड इंग्रजी टीकाग्रंथाचे, म्हणजे वचनावार स्पष्टीकरण देणाऱ्या भाष्याचे, नाव सांगतात. आमचे उत्तर वेगळे आहे: दुसरे मराठी बायबल घ्या. घरात एक असतेच. लग्नात मिळालेले, दृढीकरणाला मिळालेले, नाहीतर आजीच्या उशाशी असलेले. त्याच्या शेजारी वेगळ्या भाषांतराची प्रत आली की दोन ओळी जिथे जुळत नाहीत तिथे प्रश्न उभा राहतो. टीकाग्रंथ त्या प्रश्नासाठी असतो. प्रश्नच पडला नसेल तर सहा खंड कपाटात नुसते उभे राहतात आणि वाळवीच्या कामी येतात.

मराठवाड्यात ही पुस्तके मिळायच्या वाटा तीन. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची बायबले चर्चमधून किंवा कन्व्हेन्शनच्या स्टॉलवर मिळतात, आणि ती सवलतीच्या किमतीत छापलेली असल्याने कागद-बांधणीच्या मानाने स्वस्त पडतात. राजहंस, पॉप्युलर अशा मोठ्या प्रकाशनांची पुस्तके संभाजीनगरला औरंगपुऱ्याकडच्या दुकानांत किंवा नांदेड-लातूरच्या मराठी पुस्तकांच्या दुकानांत मागवून मिळतात. पण तिथे ‘ख्रिस्ती पुस्तके आहेत का?’ असे विचारले तर मान आडवी हलते. ‘पॉप्युलरचे संपूर्ण स्मृतिचित्रे’ असे प्रकाशकासकट नाव सांगितले तर दुकानदार वहीत टिपून घेतो. तिसरी वाट इंग्रजी पुस्तकांची. ती ऑनलाइनच, आणि तिथे आवृत्ती नीट न पाहता पैसे भरले की हमखास फसगत होते. कुठे ती खाली येईलच.

आधी बायबले. बायबल सोसायटीचे जुने ‘पवित्र शास्त्र’, ज्याला लोक आरव्ही म्हणतात, ते पाठांतराचे बायबल. उपासनेत वाचतात ते हेच, कॅलेंडरवरचे वचनही बहुधा यातलेच, त्यामुळे अभ्यासगटात हे नसून चालत नाही. त्याची अडचण पौलाच्या पत्रांत कळते. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचने मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. मराठीत तो दोर जितका लांब ठेवाल तितका वाचणारा मध्येच गुदमरतो. सोसायटीचीच सीएल आवृत्ती म्हणजे सामान्य भाषेतले भाषांतर. ते अशी वाक्ये तोडून सोपी करते. पण तोडताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘यासाठी की’ हे सांधे सैल होतात, आणि पौलाचा सगळा युक्तिवाद तर त्या सांध्यांवरच उभा असतो. म्हणून पत्रे वाचताना सीएलमधून आशय घ्यावा आणि आरव्हीमधून सांधे तपासावेत. गोष्टीरूप भागांत, म्हणजे उत्पत्ती, शमुवेल, शुभवर्तमाने इथे, हा त्रास जवळजवळ नाही. तिसरे इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, २०१९ सालचे. ते मोकळ्या परवान्याखाली असल्याने फुकट उतरवून घेता येते, इंटरनेटशिवाय वाचता येते, अभ्यासासाठी त्यातली वचने छापून वाटता येतात. छापील प्रत घ्यायचीच नसेल तर दुसरे बायबल म्हणून हे चालेल.

स्टॉलवर उभ्या उभ्या कोणतेही बायबल पारखायला पाच मिनिटे पुरतात. प्रेषितांची कृत्ये ८ उघडा आणि ३७वे वचन शोधा. हबशी षंढाचा विश्वासाचा कबुलीजबाब त्यात आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो नाही. त्यामुळे काही आवृत्त्या ३६वरून थेट ३८वर जातात, काही तो तळटिपेत किंवा कंसात देतात. तिन्ही रीती प्रामाणिक आहेत, मात्र कारण सांगणारी टीप हवी. टीप नसेल तर अभ्यासगटात कोणीतरी उठून ‘तुमच्या बायबलमधून वचन काढून टाकलंय’ म्हणणार, आणि ती संध्याकाळ त्यातच जाणार. मग मार्क १६, वचने ९ ते २० आणि योहान ७:५३ ते ८:११ पाहा. इथेही तोच हस्तलिखितांचा प्रश्न आहे आणि चांगली आवृत्ती तो लपवत नाही.

नंतर योहान २१, वचने १५ ते १७. येशू पेत्राला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ ग्रीकमध्ये इथे दोन क्रियापदे आहेत. येशू पहिल्या दोन वेळा आगापाओ वापरतो आणि तिसऱ्यांदा फिलेओ. पेत्र तिन्ही वेळा फिलेओनेच उत्तर देतो. तुमच्या हातातल्या भाषांतराने दोन वेगळे मराठी शब्द ठेवलेत की एकच, ते पाहा. यावरून भाषांतरकार शब्दाला शब्द किती चिकटून राहिला याचा अंदाज येतो. तेवढाच. या दोन क्रियापदांवर अख्खे प्रवचन उभे करणारे पुष्कळ आहेत. पण योहानाला एकाच अर्थाचे शब्द आलटूनपालटून वापरायची सवय आहे, आणि बऱ्याच भाष्यकारांना हा फरक केवळ शैलीचा वाटतो.

बांधणीकडे कोणी बघत नाही, आणि आपल्याकडे नुकसान तिथेच होते. पुस्तक मिटून कण्याची वरची कड डोळ्यांसमोर धरा. लहान लहान घड्यांचे जुडगे दिसले तर ती शिवलेली बांधणी. पाने सरळ कापून नुसती गोंदात बुडवलेली दिसली तर प्रत स्वस्त असली तरी ठेवून द्या. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा तो गोंद वाळून काचेसारखा होतो आणि पुस्तक मधोमध, म्हणजे बरोबर स्तोत्रसंहितेपाशी, तडकते. सर्वांत जास्त उघडतोही आपण तिथेच. मऊ प्लास्टिकचे कव्हर उन्हात शेजारच्या पुस्तकाला चिकटते. कापडी किंवा रेक्झिनचे बरे. बायबलचा कागद पातळ असतो. जेल पेनची किंवा ओल्या हायलायटरची शाई पलीकडच्या पानावर उमटते. रंगीत पेन्सिली वापराव्यात, आणि लांबलचक टिपा समासात न कोंबता वेगळ्या वहीत लिहाव्यात.

कॅथलिक वाचकांसाठी दोन गोष्टी. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. फरकाची सात पुस्तके जुन्या करारातली. मिश्र गटात मक्काबी किंवा तोबितचा संदर्भ आला तर अर्ध्या लोकांच्या हातात तो नसतो, म्हणून आधीच झेरॉक्स काढून ठेवावी. दुसरी गोष्ट स्तोत्रांच्या क्रमांकांची. जुन्या कॅथलिक पुस्तकांत लॅटिन क्रमांक असतात आणि तिथे नववे व दहावे स्तोत्र मिळून एक धरलेले असते. त्यामुळे मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र त्यांच्याकडे बाविसावे. जुनी प्रार्थनापुस्तके वापरणाऱ्या घरांत हा घोळ अजून होतो.

पंडिता रमाबाईंचे बायबल हे वेगळेच प्रकरण. हिब्रू आणि ग्रीक शिकून एकट्या बाईने केलेले संपूर्ण भाषांतर. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला वारल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना कळावे ही त्यामागची तळमळ. म्हणून संस्कृताच्या या पंडितेने संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले. रोजच्या वाचनासाठी ते सुचवणार नाही, कारण शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टापायी वाक्यरचना काही ठिकाणी अडखळते. पण एखाद्या जुन्या घरातून प्रत हाती आली तर अवघड वचनापाशी ती जरूर उघडा. मूळ भाषेचा खडबडीतपणा जाणवून देणारे असे मराठी भाषांतर दुसरे नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (राजहंस) याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा हे पुस्तक इकडच्या बऱ्याच बिगरख्रिस्ती वाचकांपर्यंत पोचले. भाषा ओघवती आणि ललित. शेजारच्या मास्तरांना, कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकांना भेट द्यायला याहून चांगले नाही. मात्र वचनावचनाचा अभ्यास करणाऱ्याने हे एकटेच घेऊ नये. ओघ राखणारे भाषांतर मुळातल्या गाठी सोडवून देते, आणि अभ्यासकाला त्या गाठीच हव्या असतात.

आता शब्दसूचीबद्दल, म्हणजे कोणता शब्द कोणकोणत्या वचनांत आला ते सांगणाऱ्या यादीबद्दल. इंग्रजी वाचकाकडे स्ट्राँगची १८९० सालची सूची असते; मराठीत तिची जागा मोबाइलच्या शोधाने घेतली आहे. हा शोध मराठीत वारंवार फसतो, आणि त्याला कारण आपले व्याकरण. ‘देवाचे राज्य’ असे टाकले तर ‘देवाच्या राज्यात’, ‘देवाच्या राज्याची’ ही वचने सापडतच नाहीत. उपाय सोपा: पूर्ण शब्द टाकू नका, सामान्यरूपाआधीचा तुकडा टाका. नुसते ‘राज्य’ शोधा. ‘मेंढपाळ’ टाकला तर ‘मेंढपाळाने’ही येतो, कारण अक्षरे सुरुवातीला तीच राहतात, पण ‘पाणी’ टाकून ‘पाण्याने’ येत नाही, तिथे ‘पाण्य’ हा वेगळा शोध लागतो. जुन्या आवृत्तीत ‘प्रीति’ तर नव्या शुद्धलेखनात ‘प्रीती’. ‘ह्या’ आणि ‘या’ हेही तसेच. एक शब्द तीन तऱ्हांनी शोधल्याशिवाय ‘बायबलमध्ये हा शब्द इतक्या वेळा आहे’ असे कोणाला सांगू नये.

मूळ शब्दापर्यंत जायचे असेल तर स्ट्राँगचे क्रमांक, म्हणजे त्याच्या सूचीत प्रत्येक हिब्रू-ग्रीक शब्दाला दिलेले आकडे, मराठीतूनही वापरता येतात, फक्त वळसा घालावा लागतो. स्तोत्र १३६ घ्या. २६ वचने, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद. मोबाइलवर स्टेप बायबल किंवा क्रमांक दाखवणारे दुसरे कोणतेही ॲप उघडून तेच स्तोत्र इंग्रजीत काढा आणि पालुपदातल्या ‘मर्सी’ किंवा ‘लव्ह’ला बोट लावा. हिब्रू शब्द येईल हेसेद, क्रमांक २६१७. आता हा क्रमांक जिथे जिथे आहे त्यातली रूथ १:८, होशेय ६:६ आणि मीखा ६:८ एवढीच तीन ठिकाणे घ्या आणि मराठीत परत या. दया, प्रेम, वात्सल्य, उपकार यांपैकी कुठे काय आले ते आपापल्या आवृत्तीतून वहीत लिहा. करारातल्या निष्ठेचा, देणे लागत नसतानाही केलेल्या चांगुलपणाचा हा शब्द कोणत्याच एका मराठी शब्दात मावत नाही, हे अर्ध्या तासात हाताने कळते. एक चूक मात्र सगळे करतात. सूचीत दिलेल्या पाचसहा अर्थांतून आपल्याला आवडलेला उचलतात. सूची हा मेनू नव्हे; त्या वाक्यात कोणता अर्थ बसतो ते वाक्यच ठरवते.

इंग्रजी वाचता येत असेल तर पहिले पुस्तक गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचे ‘हाउ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ’. पत्र कसे वाचावे, कथा कशी, स्तोत्र कसे, दृष्टांत कसा, प्रकटीकरण कसे, अशी साहित्यप्रकारावार मांडणी. मूळ वाचकाला जो अर्थ कळणे शक्यच नव्हते तो अर्थ त्या वचनाचा असू शकत नाही, हा त्यांचा खुंटा. प्रकटीकरणातून आजच्या बातम्या काढणाऱ्यांना तो फार टोचतो. पत्रांवरचे प्रकरण सुरुवातीलाच आहे आणि तेच सर्वांत कठीण. कंटाळा आला तर थेट दृष्टांतांवर जावे. अध्यायवार बायबल समोर उघडे ठेवून वाचले नाही तर हे पुस्तक निव्वळ नियमांची यादी वाटते.

दुसरे क्रेग कीनर यांचे नव्या कराराच्या पार्श्वभूमीवरचे एकखंडी भाष्य, आयव्हीपी प्रकाशनाचे. पहिली आवृत्ती १९९३ची, दुसरी २०१४ची. ऑनलाइन घेताना दुसरीच घ्या. वचन कशाबद्दल आहे हे यात फारसे नाही. त्या काळी गालिलातला कोळी, यहूदी लग्न, रोमी जकात कशी होती ते वचनावार आहे. रविवार शाळेच्या शिक्षकाला इतके कामाचे दुसरे पुस्तक नसेल. जुन्या करारासाठी त्याचे जुळे भावंड वॉल्टन, मॅथ्यूज आणि शव्हालास यांचे, २०००चे.

‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’, २०१५. संपादक ब्रायन विंटल, लेखक भारत आणि शेजारच्या देशांतले. एकाच खंडात सगळी ६६ पुस्तके, मध्ये मध्ये जात, कुटुंब, गरिबी अशा विषयांवर स्वतंत्र लेख. पाश्चात्त्य भाष्यात मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याचा प्रश्न, म्हणजे १ करिंथ ८ ते १०, इतिहासजमा म्हणून येतो. शेजारच्या घरातून गणपतीचा प्रसाद येतो त्या वाचकाला हा प्रश्न आजचाच आहे, आणि या भाष्यात तो तसाच घेतला आहे. उणीव खोलीची. एका खंडात सगळे बसवायचे म्हणून एकेका वचनाच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात.

मॅथ्यू हेन्री यांचे सहाखंडी भाष्य स्टॉलवर सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी वाचले जाते. भक्तीसाठी गोड, पण तीनशे वर्षांपूर्वीचे. हेन्री १७१४ साली वारले तेव्हा प्रेषितांची कृत्येपर्यंत लिहून झाले होते. रोमकरांस पत्रापासून पुढचे इतर पाळकांनी पुरे केले. हस्तलिखिते, उत्खनन, पुरातत्त्व यांतले नंतरचे काहीच त्यात नाही. शिवाय ते इंटरनेटवर फुकट आहे, त्यामुळे पैसे घालू नयेत. घ्यायचेच तर ‘पूर्ण’ आणि ‘संक्षिप्त’ हा फरक मुखपृष्ठावर पाहून घ्यावा. ऑनलाइन फसगत होते ती इथे.

कुठलाही टीकाग्रंथ पारखायची युक्ती: प्रस्तावना वाचू नका, अवघड वचन काढा. १ करिंथ १५:२९, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा. उत्पत्ती ६:१ ते ४, देवपुत्र आणि मनुष्यकन्या. १ पेत्र ३:१९, तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा. शिवाय याकोब २:२४ आणि रोमकरांस ३:२८ शेजारी शेजारी. ही ठिकाणे वळसा घालून टाळणारे पुस्तक सोप्या ठिकाणी पानेच्या पाने लिहीत असते. एकच मत ठासून सांगणारेही नको. ‘असेही मानतात, तसेही मानतात, आम्हाला हे पटते, कारण’ अशी चाल हवी.

गटासाठी पहिला अभ्यास पौलाच्या फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचा ठेवावा. एकच अध्याय, २५ वचने. सहा ते आठ जण, दोन भाषांतरे. पहिल्यांदा सलग मोठ्याने वाचन, दुसऱ्यांदा दुसऱ्या भाषांतरातून. मग वहीत चार रकाने: कोण, काय मागतो, कोणत्या शब्दांत, काय बोलायचे टाळतो. चौथा रकाना भरताना खरी मजा येते. पाऊण तास पुरतो. मार्कने सुरुवात करणारे गट सोळा अध्यायांपैकी चौथ्या-पाचव्यापाशी गळतात, कारण शेवट लांब दिसतो.

चर्चच्या इतिहासाकडे वळू. इथेही आधी पारख. पुस्तकात निकायाची परिषद काढा, इ.स. ३२५. ‘निकायात बायबलची पुस्तके ठरवली’ असे लिहिले असेल तर पुस्तक जागच्या जागी ठेवा. तिथे वाद एरियसच्या शिकवणीचा, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा नाही या मताचा होता, सोबत पुनरुत्थानाच्या सणाची तारीख आणि शिस्तीचे नियम. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. दुसरी परीक्षा: प्रेषित थोमा इ.स. ५२ मध्ये केरळात आला, हे पुस्तक कसे सांगते? ‘अशी परंपरा आहे’ म्हणणारे पुस्तक भरवशाचे. दस्तऐवज असल्यासारखे सांगणारे नव्हे, आणि नुसते हसून उडवणारेही नव्हे.

जगाच्या इतिहासासाठी नवख्याने ब्रूस शेली यांचे ‘चर्च हिस्टरी इन प्लेन लँग्वेज’ घ्यावे. एकच खंड, छोटी प्रकरणे, गोष्टीसारखे. नजर मात्र बरीचशी पश्चिमेकडे. जरा मुरलेल्याने हुस्तो गोन्झालेस यांचे ‘द स्टोरी ऑफ ख्रिश्चॅनिटी’, दोन खंड. पहिला धर्मसुधारणेच्या उंबरठ्यापर्यंत, दुसरा तिथून पुढे. युसेबियसचा चौथ्या शतकातला इतिहास दहा भागांचा आहे. तो सलग वाचायला घेऊ नये. पॉलिकार्प, पापियस, ल्योंचे हुतात्मे अशी नावे सूचीतून काढून तेवढे वाचावे. कॉन्स्टंटाइनचे कौतुक सुरू झाले की लेखक बादशहाच्या पंगतीला बसलेला आहे हे ध्यानात ठेवावे.

भारतासाठी सी. बी. फर्थ यांचे छोटे पाठ्यपुस्तक सुरुवातीला पुरते. स्टीफन नील यांचे दोन खंड (१९८४ आणि १९८५) भारदस्त, पण दुसरा १८५८ला थांबतो, आणि आपल्याकडच्या, म्हणजे जालन्याच्या मिशनची खरी गोष्ट त्यानंतरची. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांचा २००८चा ग्रंथ पुढे येतो, मात्र त्यांचे मन तिरुनेलवेली-तंजावरकडे. मराठी माणसाने या दोन्हींत ‘बॉम्बे’ची नोंद शोधून पाने उलटली तर निराशाच होते.

आमचे मत असे, की मराठी वाचकाने चर्चच्या इतिहासाची सुरुवात मराठीतूनच करावी, कारण या विषयात आपल्या भाषेत जे आहे ते इंग्रजीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ साहित्य म्हणून सगळ्यांना ठाऊक. ते इतिहासाचे साधन म्हणून पुन्हा वाचा: मिशनचा पगार कसा, दुष्काळातली पोरे कशी सांभाळली, धर्मांतराने घर कसे दुभंगले आणि कसे जुळले, आणि रेव्हरंड टिळकांनी शेवटी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये देवाचा दरबार का मांडला. यातही संक्षिप्त आणि संपूर्ण असा फरक आहे. इतिहासासाठी संपूर्णच हवे. त्याच्या जोडीला ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य. टिळकांनी सुरू केले, पुरे झाले नाही. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. जी बाई लग्नानंतर अक्षर शिकली तिने.

बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ भाषेने जुने, पण एकोणिसाव्या शतकातला शिकलेला तरुण नेमका कोणत्या युक्तिवादाने हलला ते इतके तपशिलात दुसरीकडे नाही. रमाबाईंसाठी देवदत्त नारायण टिळकांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी’ आधी, आणि त्यांच्याच शब्दांत वाचायचे तर मीरा कोसंबी यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह. सगळ्याचा नकाशा हवा असेल तर गंगाधर मोरजे यांचे ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ ग्रंथालयातून आणा. ते वाचायचे कमी आणि चाळायचे जास्त.

फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले, ओव्या १०,९६२. पहिले पुराण जुन्या कराराचे, ३६ अवस्वरूंचे (अवस्वरू म्हणजे अध्याय). दुसरे ख्रिस्तचरित्राचे, ५९ अवस्वरूंचे. स्टीफन्स १५७९ला गोव्यात उतरला तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. ज्या कानांना एकनाथी भागवताची ओवी परिचयाची आहे त्यांना हे पुस्तक वाटते तितके परके नाही. घ्यायचे तर देवनागरीतले घ्या, शांताराम बंडेलू यांचे १९५६चे किंवा कारिदाद द्रागो यांचे १९९६चे. सुरुवात दुसऱ्या पुराणापासून, रोज वीस ओव्या, मोठ्याने. डोळ्यांनी वाचले की कोकणी शब्द अडवतात. तोंडाने वाचले की निम्मे आपोआप सुटतात. आणि रोमनमधून देवनागरीत आणताना काही शब्दांची रूपे संपादकाने ठरवलेली आहेत, त्यामुळे एका शब्दावरून निष्कर्ष काढायचा असेल तर दोन्ही आवृत्त्या पाहाव्यात.

जुन्या भाषांतरांचा इतिहास वाचताना एक बारीकसा गोंधळ टाळा. मिशनरी विल्यम केरींनी मत्तय १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापला तो ‘सिरामपूर’ला. हे बंगालमधले गाव. प्रवरा खोऱ्यातले, साखर कारखान्यांचे आपले श्रीरामपूर नव्हे. छापील लेखांतही ही गल्लत सापडते.

राहिला मराठवाडा. इथल्या मंडळ्यांचा इतिहास एका पुस्तकात शोधायला जाऊ नका, तो तुकड्यांत जोडावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. म्हणून इंग्रजी ग्रंथांच्या आणि मिशनच्या अहवालांच्या सूचीत ‘मराठवाडा’ हा शब्द सापडतच नाही. ‘हैदराबाद’, ‘निजाम्स डोमिनियन्स’, ‘जालना’, ‘औरंगाबाद’ असे शोधावे, आणि जालन्याचे स्पेलिंग जुन्या कागदांत एकाहून जास्त तऱ्हांचे असते हे धरून चालावे. नारायण शेषाद्री हे नाव दोरीचे टोक. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा झालेला हा ब्राह्मण तरुण पुढे स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनतर्फे जालन्याला आला आणि त्याने बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्याच्यासाठी स्कॉटिश मिशनचे अहवाल पाहावे लागतात, तर नगरकडून गोदावरीच्या बाजूला आलेल्या कामासाठी अमेरिकन मराठी मिशनचे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. त्याच्या जुन्या अंकांतल्या गावोगावच्या छोट्या बातम्या कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त सांगतात. कॅथलिकांसाठी औरंगाबाद धर्मप्रांत १९७७चा. त्याआधीचे अमरावती धर्मप्रांताच्या कागदांत पाहावे.

आणि सर्वांत मोलाचे पुस्तक विकत मिळत नाही. ते तुमच्या चर्चच्या लोखंडी कपाटात आहे: बाप्तिस्म्याचे रजिस्टर. नाव, बापाचे नाव, वय, गाव, बाप्तिस्मा देणारा, साक्षीदार असे साधारण रकाने. छावणीतल्या सैनिकांच्या नोंदी वेगळ्या वहीत, गावच्या मंडळीच्या वेगळ्या. एकीत नाव नाही म्हणून शोध सोडू नये. बाप्तिस्म्यानंतर नाव बदललेले असते, त्यामुळे नावापेक्षा गाव आणि बापाचे नाव यांवरून माग काढावा. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन फोटो काढायचे तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. वही पूर्ण सपाट उघडू नये, कणा मोडतो. पान जितके सहज उघडेल तितकेच उघडून दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल लावावा. पान क्रमांक फोटोत आलाच पाहिजे. हयात माणसांच्या नोंदींचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. काम झाल्यावर वही परत ठेवताना कपाटाच्या तळाला नको, वरच्या खणात, भिंतीपासून चार बोटे लांब. पावसाळ्यात ओल खालून येते, आणि वाळवीही.